खुंटीवरचा पंप

१

टोमॅटोची नऊ हजार रोपं एका रात्रीत माना टाकून बसली, आणि ती बातमी घेऊन उंच काकू धावत आल्या तेव्हा सिस्टरच्या शेगडीवर दूध करपत होतं. दूध करपत होतं आणि सिस्टर तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, चादरीची घडी घालत उभ्या होत्या.

"अहो, दूध!" काकू दारातूनच ओरडल्या. "कोपऱ्यापर्यंत वास येतोय आणि तुम्ही आपल्या खुशाल!"

सिस्टरनी घाईघाईनं गॅस बंद केला. तीन वर्षांपूर्वीच्या एका तापात त्यांच्या नाकानं जो राजीनामा दिला तो दिलाच. अत्तर काय नि फिनेल काय, त्यांना सगळं सारखंच. "दूध जाऊ द्या. तुमचं तोंड का असं उतरलंय?"

"पहिला वाफा गेला, सिस्टर. सगळाच्या सगळा." काकू धापा टाकत उंबऱ्यावरच बसल्या. "वहिनी म्हणतात, धाकटीनं विष मारलं. आज पाचला बैठक लावलीय. तिला काढून टाकणार."

सिस्टरचे हात तोवर भांड्याच्या मागे लागले होते. करपलेलं दूध ओतून, भांडं घासून, ओट्यावर पालथं घालूनच त्या बाहेर पडल्या. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढलेली बाई. निवृत्त झाली तरी हातांना कुणी निवृत्तीचा कागद दिला नव्हता. ते आपले आपण कामं उरकत सुटायचे आणि मग चष्मा कुठे ठेवला, किल्ल्या कुठे ठेवल्या, म्हणून त्या घरभर शोधत फिरायच्या.

रोपवाटिका अकरा जणींची होती. दहा वर्षांपूर्वी वहिनींनी घरामागे दहा ट्रे मांडून सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनी चेष्टा केली होती. आता हिरव्या जाळीच्या तीन शेड होत्या, रोपं न्यायला गाड्या दारात उभ्या राहायच्या, आणि दुसऱ्याच्या शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका स्वतःच्या रोपांच्या गाळ्यावर ताठ बसायच्या. वहिनी नात्यानं एकाच घरच्या, पण सगळं गावच त्यांना वहिनी म्हणे. आणि त्यांची सख्खी धाकटी जाऊ, ती सगळ्यांची धाकटी.

शेडच्या दारात वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. डोळे रडून लाल झालेले, पण आवाज खणखणीत.

"बघा, सिस्टर. बघा तुमच्या लाडकीचे पराक्रम."

सिस्टर वाकल्या. काल दुपारी त्यांनी हीच रोपं पाहिली होती, ताठ, पोपटी, जाडजूड. आज प्रत्येक देठ पिळल्यासारखा वाकडा झाला होता, पानांच्या कडा आत वळल्या होत्या. सुकलेलं एकही नव्हतं. सगळी जिवंत होती आणि सगळी वेडीवाकडी झाली होती.

"तणनाशक," त्या म्हणाल्या.

"तेच! काल संध्याकाळी फवारणी कुणी केली? धाकटीनं. माहेरच्या जमिनीवर स्वतःची रोपवाटिका कुणाला काढायचीय? धाकटीला. आपली चाळीस हजार रोपांची मागणी बुडाली की गिऱ्हाईक कुणाकडे जाणार?" वहिनींचा आवाज चिरकला. "ट्रेमध्ये बी कसं टाकायचं हे मी शिकवलं तिला. बोट धरून!"

"पाचपर्यंत मला वेळ द्या."

"घ्या. पण ठराव तुम्हीच लिहून आणायचा, अक्षर तुमचं चांगलं. जिचा हात, ती बाहेर. माझी सख्खी बहीण निघाली तरी बाहेर. नावाची जागा तेवढी मोकळी सोडा."

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. "जिचा हात असेल तिचं नाव मी स्वतः लिहीन."

वहिनी जाळीला टेकून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सापडणार कुणी दुसरं? काल कोठीच्या खोलीत तिच्याशिवाय गेलंच कोण होतं?"

२

बाकी सात जणी काल दिवसभर तिसऱ्या शेडमध्ये ट्रे भरत होत्या, एकमेकींच्या नजरेसमोर. जेवल्यासुद्धा तिथेच. वहिनी मागणी पक्की करायला सकाळीच बाहेर पडल्या होत्या, त्या दिवेलागणीला परतल्या. उरल्या उंच काकू, धाकटी आणि खुद्द सिस्टर. शिवाय बांधापलीकडचे मामा, ज्यांचं आणि रोपवाटिकेचं जाळीच्या सावलीवरून वर्षभर वाजत होतं. त्यांनीही काल आपल्या रानात तणनाशक मारलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

सिस्टर आधी वाफेच पाहत फिरल्या. एका जागी उभं राहणं त्यांना कधी जमलंच नाही. चालता चालता वाकडा ट्रे सरळ कर, गळलेलं पान उचल, असं चालू होतं. धाकटीनं काल तीन वाफे फवारले होते. पहिला वाफा पार गेला होता. दुसऱ्यात शेंडे थोडे वळलेले, वाचतील अशी रोपं. तिसऱ्यात डोळे ताणून पाहिलं तरच एखादं पान मुडपलेलं दिसे. चौथ्याला हात लागला नव्हता, तो ठणठणीत होता.

आणि बदल कसा, तर हळूहळू नव्हे. पहिल्या वाफ्याचा शेवटचा ट्रे पुरता वाकडा आणि त्याला लागून असलेला दुसऱ्या वाफ्याचा पहिला ट्रे बराच बरा. मधे जणू कुणी दोरी धरून रेघ मारली होती.

मामांच्या रानातून वाऱ्यानं उडून आलं असतं तर बांधाकडची कड आधी गेली असती. वारा काही वाफे मोजून थांबत नाही. मामांवर काट मारायला सिस्टरना पाच मिनिटं लागली.

पण पहिल्या वाफ्याच्या टोकाला त्या अडखळल्या. तिथे दोन ट्रेंना निळी फीत बांधलेली होती. निळी फीत म्हणजे धाकटीचे स्वतःचे ट्रे, तिच्या नव्या जागेवर लावायला राखलेले. तेही पिळवटून पडले होते.

धाकटी घरी भिंतीला टेकून बसली होती. तिशीतली, चपळ हातांची. रोपांची कलमं बांधण्यात अकरा जणींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिस्टरना पाहून ती उठली, पाणी दिलं आणि परत तशीच बसली.

"काल काय काय केलंस, सगळं सांग."

"चार वाजता कोठीत गेले. पंप घेतला. माशांचं द्रावण कालवलं, तीन टाक्या मारल्या. एका वाफ्याला एक टाकी. बाकीच्या वाफ्यांना आज मारणार होते."

"पंपाला वास नाही आला?"

"माशांच्या खतापुढे दुसरा कसला वास येणार, सिस्टर? मला तर रात्री जेवण गेलं नाही." तिचे डोळे भरून आले. "जाऊबाईंनी दारात उभं केलं नाही मला सकाळी. म्हणाल्या, घरात राहायचं तर राहा, शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. तिथून काढलेली म्हटल्यावर माझी रोपं कोण घेणार हो? परत लोकांच्या रानात खुरपं घेऊन बसायचं? लेकीला काय सांगू?"

सिस्टरना बसवेना. त्या उठल्या, पेल्यात उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, पेला झटकला आणि ताटलीवर पालथा घातला.

रडता रडताही धाकटीला हसू आलं. "तुमच्या घरी पेला उभा दिसला तर पोलीस येतात का हो?"

"वॉर्डातली खोड. उभं भांडं म्हणजे वापरलेलं, पालथं म्हणजे स्वच्छ. तुम्हाला शेडमध्ये तोच नियम मी नाही का घालून दिला?" सिस्टर दारात वळल्या. "तेच विचारायचं राहिलं. पंप कसा होता? जमिनीवर उभा की खुंटीवर पालथा?"

"पालथा," धाकटी चटकन म्हणाली. "खुंटीवर, झाकण काढून, पालथा टांगलेला. लेकीची शपथ."

३

रोपवाटिकेत पाठीवरचे पंप दोन. एक तणासाठी, एक रोपांसाठी. तणाच्या पंपाचा दांडा मोडला म्हणून तो आठ दिवस दुरुस्तीला गेला होता, आणि तोवर एकाच पंपावर भागवायचं ठरलं होतं. म्हणून तर सिस्टरचा नियम होता. तणनाशक मारून झालं की पंप जमिनीवर उभा ठेवायचा. सोडा घालून तीनदा धुतला की मगच खुंटीवर पालथा. लिहायला नको, वाचायला नको, लांबूनही कळावं.

उंच काकू तिसऱ्या शेडमध्ये ट्रेत भरायचा नारळाचा भुसा, कोकोपीट, चाळत होत्या. त्यांची उंची एवढी की जाळीचं छत त्या बसल्या बसल्या शिवतील असं सगळ्या म्हणायच्या. आज मात्र त्या आक्रसून बसल्या होत्या.

"काकू, काल सकाळी पायवाटेवर तणनाशक तुम्ही मारलंत."

"मारलं की. दहा वाजता संपवलं."

"आणि पंप धुतलात?"

काकूंच्या हातातली चाळण थांबली. कोकोपीट त्यांच्या पायावर सांडत राहिलं.

"नाही धुतला," त्या म्हणाल्या. "लाइट गेली होती, मोटर बंद, टाकीत थेंब नाही. म्हटलं, पाणी आलं की धुऊ. म्हणून कोठीत जमिनीवर उभा ठेवला, झाकण लावून. तळाला अर्धा लिटर शिल्लक होतं. तेवढ्यात सुनेचा फोन आला, नातवाला ताप भरलाय म्हणून. मी जी घरी पळाले ती आज सकाळीच आले."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगू? उभा ठेवला ना! उभा पंप कोण उचलतं आपल्यात?" काकूंनी चाळण खाली ठेवली. "सिस्टर, माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. उभा ठेवला होता."

सिस्टर चालत सुटल्या. वाफ्यांमधून, पायवाटेवरून, विहिरीपर्यंत आणि परत. डोक्यात नुसता भुगा झाला होता.

तीन टाक्या आणि तीन पायऱ्या, त्याचा अर्थ आता उघड होता. धाकटीनं विष कालवून मारलं असतं तर तिन्ही वाफे सारखेच गेले असते. इथे विष पंपात आधीच चिकटलेलं होतं. नळीत, नोझलमध्ये, टाकीच्या आतल्या अंगाला. पहिल्या टाकीबरोबर ते बरंचसं निघालं, दुसरीबरोबर उरलंसुरलं. तेलकट भांडं तीनदा विसळावं तसं. म्हणजे धाकटीनं तीन वाफ्यांवर बिचारा पंपच विसळला होता.

हे वहिनींना पटवता आलं असतं. पण मग वहिनी लगेच विचारणार, न धुतलेला पंप उचललाच का? नऊ हजार रोपं हलगर्जीपणानं मारली काय नि मुद्दाम मारली काय, ठराव तोच.

एकजण शपथेवर सांगते पंप उभा होता. दुसरी शपथेवर सांगते पालथा होता. दोघींपैकी एक धडधडीत खोटं बोलत होती, आणि दोघींनाही सिस्टर दहा वर्षं ओळखत होत्या.

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

४

मामांकडे जायचं कारण उरलं नव्हतं, पण पाय स्वस्थ बसत नव्हते. मामा बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. सिस्टरना पाहताच ते सरसावून बसले.

"आलात? वाटच बघत होतो. सकाळपासून तुमच्या बायका माझ्याकडे अशा बघतायत, जणू मी ढेकूण आहे."

"तुमच्यावर आळ नाही, मामा. तो मी दुपारीच पुसला."

मामांच्या हातातला विळा थांबला. भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाला भांडणच मिळू नये, तशी त्यांची पंचाईत झाली. "बरं," ते म्हणाले. "मग चहा घ्या."

चहा होईस्तोवर सिस्टरनी त्यांच्या बांधावरचे सुटे दगड एका ओळीत लावले. कप रिकामा झाला तसा त्यांनी बशीत पालथा घातला.

"काल दुपारी आमच्या कोठीकडे कुणी आलेलं पाहिलंत?"

"मी काय तुमच्या दारावर पहारा देतो?" मामा म्हणाले, आणि मग दोन घोट घेऊन, "एक बाई दिसली. बारा-साडेबाराला. पण जाळीतून माणूस की बुजगावणं एवढंच कळतं. चेहरा नाही सांगता येणार."

"काय करत होती?"

"काय करणार? दाराशी तुमचा तो डब्यातला गुलाब नाही का, त्याला पाणी घालत होती."

"झारीनं?"

"झारी कुठली! हातात पंप होता. उचलून धरला, वाकडा केला, उरलंसुरलं गुलाबाला घातलं, चांगला झटकला आणि आत घेऊन गेली."

सिस्टर उठल्या त्या चहाचे आभार न मानताच. साठी उलटलेली बाई बांधावरून धावत सुटलेली मामांनी पहिल्यांदाच पाहिली.

कोठीच्या दाराशी पत्र्याच्या डब्यात गुलाबाचं झाड होतं. धाकटीनं लावलेलं, काकूंनी खतं घालून वाढवलेलं. सकाळपासून सगळ्या त्याच्यासमोरून गेल्या-आल्या, पण नऊ हजार रोपांच्या दुःखात एका झाडाकडे कोण बघतो?

त्याचे कोवळे शेंडे पिळवटले होते. नवी पानं चुणीसारखी आत वळली होती. दोन कळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

म्हणजे धाकटी खरं बोलत होती. काकूही खरं बोलत होत्या. काकूंनी पंप उभा ठेवला, धाकटीनं पालथा उचलला, आणि मधे कुणी तिसरीनं तो रिकामा करून खुंटीला लावला होता.

सिस्टरना हुश्श झालं आणि लगेच दुसरी धडकी भरली. तिसरी कोण? आणि अकरा जणींना पाठ असलेला नियम मोडण्याइतकी ती कुठल्या तंद्रीत होती?

पावणेपाच झाले होते.

५

बैठक पहिल्या शेडच्या सावलीत भरली. अकरा जणी, एक सतरंजी, मधे पाण्याची कळशी आणि पेले. धाकटी एकटी कडेला बसली होती. वहिनींनी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला होता. कोठी दिवसभर उघडी असे, पण ताबा दोघींचा, वहिनींचा आणि सिस्टरचा. ठरावाचा कागद सिस्टरच्या हातात होता, नावाची जागा कोरी.

सिस्टर उभ्या राहूनच बोलल्या. वारा का नाही, ते सांगितलं. तीन वाफ्यांच्या तीन पायऱ्या सांगितल्या.

"आता बघा. घरात लग्नातलं मोठं तेलाचं पातेलं तुम्ही विसळता. पहिलं पाणी कसं निघतं? दुसरं कसं? तिसरं कसं? वाफे तसेच गेलेत. विष कालवलेलं नव्हतं, पंपाला चिकटलेलं होतं. आणि जिला कट करायचाय ती स्वतःच्या निळ्या फितीचे ट्रे पहिल्या टाकीत भिजवेल का?"

बायकांत चुळबुळ झाली. वहिनींनी धाकटीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"म्हणजे न धुतलेला पंप उचलला," त्या म्हणाल्या. "हलगर्जीपणा तरी तिचाच."

"पंप पालथा होता."

"ती म्हणते!"

"गुलाब म्हणतो." सिस्टरनी डबाच उचलून आणला होता. तो त्यांनी सतरंजीवर मांडला. "काल बारा-साडेबाराला कुणीतरी पंपातलं उरलेलं ह्याच्यावर ओतलं. मामांनी पाहिलं. धाकटीला ओतायचं काय कारण? ती तर भरायला आली होती. आणि काकूंना आत काय आहे ते माहीत होतं. स्वतः वाढवलेल्या झाडावर त्या ओततील? ओतणारीला ते पाणी वाटलं. साधं, उरलेलं पाणी."

"छे!" काकू मधेच म्हणाल्या. "पाणी कसं वाटेल? त्या औषधाचा वास किती उग्र! झाकण काढलं की डोळ्यांतून पाणी येतं. लहान पोरालासुद्धा कळेल. ज्याला कळलं नाही त्याला नाकच नसणार."

दोन-तीन जणी हसल्या.

सिस्टरही हसल्या. बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. त्यांनी पेला भरला, अर्धा प्यायल्या. उरलेलं अर्धं, समोरच गुलाब होता म्हणून, गुलाबाच्या डब्यात ओतलं. पेला झटकला. आणि सतरंजीवर पालथा घातला.

हात पेल्यावरच राहिला. तो त्यांना उचलता येईना.

काल दुपारी बारा वाजता त्या कोठीत गेल्या होत्या. रोज जातात. भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा वहीत लिहायला, दोन मिनिटं. आकडा त्यांना आठवत होता. एकतीस. वही आठवत होती, वहीत खोचलेली पेन्सिल आठवत होती. हातांनी त्या दोन मिनिटांत काय केलं, ते मात्र आठवत नव्हतं.

"सिस्टर?" वहिनी म्हणाल्या. "मग कोण ती?"

६

हे गप्प बसून निभलं असतं. मामांनी चेहरा पाहिला नव्हता. गुलाब काही बोलणार नव्हता. धाकटी तर सुटलीच होती, आणि तिसरी कोण हे कुणाला कधी कळलं नसतं. एवढं सगळं सिस्टरच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचीच त्यांना लाज वाटली. घरी चार भिंती आणि रोज घातलेल्या त्याच त्या घड्या. ही शेड सुटली तर ह्या हातांनी करायचं काय?

त्या खाली बसल्या. मांडीवर कागद घेतला आणि कोऱ्या जागेत ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं. अकरा जणींत त्यांचं खरं नाव तीन जणींना जेमतेम ठाऊक होतं, त्यामुळे कागद फिरला तेव्हा आधी कुणाला कळेचना.

"मी," त्या म्हणाल्या. "उभं भांडं दिसलं की रिकामं करून पालथं घालते. आत्ता तुमच्यासमोर घातलं. तसाच काल पंप घातला. नियम मीच केला आणि मोडलाही मीच. नाक असतं तर तिथेच थबकले असते. काकूंना दूध करपल्याचं कोपऱ्यावरून कळतं, मला शेगडीशी उभं राहून कळत नाही." त्या धाकटीकडे वळल्या. "धाकटे, तुझ्या घरी बसून तुझंच पाणी प्यायले आणि तुला शपथ घ्यायला लावली. मला माफ कर, असंही कुठल्या तोंडानं म्हणू?"

कागद धाकटीच्या हातात पोचला. तिनं तो खाली ठेवला.

"दिवसभर रडलेय मी, सिस्टर," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात माफी नव्हती, अजून तरी नव्हती. "सकाळपासून माझ्या लेकीनं तोंडात घास घातला नाही."

"खरं आहे."

"पण तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधी कळलंही नसतं." तिनं वहिनींकडे पाहिलं. "जाऊबाई, ठराव मताला टाका."

वहिनींनी घसा साफ केला. सकाळचा त्यांचा शब्द सगळ्यांच्या कानावर गेला होता. सख्खी बहीण निघाली तरी. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," त्या पुटपुटल्या.

एकच हात वर झाला. तो सिस्टरचा होता.

"अकरात एक," काकू म्हणाल्या. "पडला ठराव. हात खाली घ्या, सिस्टर, जाळी फाटेल."

आता मात्र सगळ्या हसल्या, काहीजणी डोळे पुसत. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठल्या, सतरंजीच्या कडेला गेल्या आणि मांडीवरचा किल्ल्यांचा जुडगा धाकटीपुढे धरला.

"चुकले गं मी," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तू वेगळी निघणार म्हणून जीव जळत होता माझा. रोपं मेली ती बघितलीच नाहीत मी, तुझ्यावर राग काढायला कारण मिळालं एवढंच बघितलं. घे. कोठी आता तुझी. माहेरच्या जागेवर शेड उभी करशील तेव्हा पहिले ट्रे इथून जातील."

धाकटीनं किल्ल्या लगेच घेतल्या नाहीत. वहिनींना चांगलं तिष्ठत ठेवलं, आणि मग घेतल्या. सिस्टरनी कमरेच्या पिशवीतून आपल्या जवळच्या किल्ल्याही काढल्या आणि न बोलता त्यांत घातल्या. त्या द्याव्याच लागणार होत्या, आणि देताना बोटं जड झाली होती.

"गिऱ्हाइकाला मी उद्या खरं ते सांगते," वहिनी म्हणाल्या. "एकतीस हजार वेळेवर, नऊ हजार महिन्यानं. ऐकेल तर ऐकेल."

"आणि ती नऊ हजार," धाकटी म्हणाली, "सिस्टर पेरणार. एकट्या. एका खळग्यात एक बी, नऊ हजार वेळा. हातांना काम हवं असतं ना तुमच्या?"

"उद्यापासून?" सिस्टरनी विचारलं. त्यांना ती शिक्षा वाटलीच नाही, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"उद्या कशाला? बी आणते आत्ता." धाकटी उठली. जाता जाता तिनं सतरंजीवरचा पालथा पेला सरळ केला, कळशीतून काठोकाठ भरला आणि सिस्टरपुढे ठेवला. सिस्टर दोन घोट प्यायल्या. बाकीचं पाणी पेल्यात तसंच होतं. बोलता बोलता त्यांचा हात पेल्याकडे गेला, आणि त्याच क्षणी चारही बाजूंनी हात पुढे आले. वहिनींचा, काकूंचा, धाकटीचा, आणखी कुणाकुणाचा.

"असू दे," धाकटी म्हणाली. "उभाच राहू दे."